तळाला एका ओळीची जागा

मी एक जुना ट्रेडल आहे. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचे छपाईचे यंत्र. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेले नसेल. पाहिले असले तरी ओळखले नसेल, कारण गेली कित्येक वर्षे माझ्या अंगावर एक जुनी चादर आहे आणि चादरीवर घरातल्या नको असलेल्या पिशव्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मी टेबल वाटतो. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवतो, तो कलतो, आणि वर मलाच नावे ठेवली जातात.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओतत. माझे पाय, माझे मोठे चाक, माझा जबडा, सगळे वेगवेगळे ओतले आणि मग जोडले. शेवटी माझ्या कुशीवर त्या कारखान्याचे नाव उठावदार अक्षरांत आले. ते आजही आहे. चादर वर करून हात फिरवला तर बोटांना कळते. हे आत्ताच सांगून ठेवतो. लोखंडाच्या एका धुडाला कुणी घडवले हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. पुढे जे सांगणार आहे त्यात ही गोष्ट मला फार छळते.

मी या घरात आलो तेव्हा मालक नुकतेच संसाराला लागले होते. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या खोल्यांत घर, असा त्यांचा बेत. माप घ्यायला मात्र ते विसरले. मी गाडीवर आणि दार माझ्यापेक्षा अरुंद! मालकांनी आधी दार काढले, मग चौकट काढली, तरी मी बाहेरच. सगळी गल्ली गंमत बघायला जमली. मालकीणबाई आतून म्हणाल्या, "अहो, मला आणताना एवढा खटाटोप नव्हता केलात!" लोक पोट धरून हसले. शेवटी बाजूच्या थोड्या विटा काढल्या आणि मी आत आलो. त्या विटा परत बसवल्या त्याची खूण भिंतीवर अजून दिसते.

माझे काम कसे चालायचे ते थोडक्यात सांगतो. शिशाची लहान लहान उलटी अक्षरे असतात, त्यांना खिळे म्हणतात. एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचा, ओळ जुळवायची, आणि सगळा मजकूर लोखंडी चौकटीत घट्ट आवळून माझ्यात बसवायचा. मग पायाखालची पट्टी, म्हणजे पायटा, मारला की माझे चाक फिरे, रूळ अक्षरांना शाई लावत, मी जबडा मिटे आणि कागदावर ठसा उमटे. खटक्‌-धप्, खटक्‌-धप्. मालकांची मुलगी या आवाजावर झोपायची. मी थांबलो की ती जागी होऊन रडायची, मग मालकीणबाई म्हणायच्या, "चालू ठेवा हो, कोराच कागद घाला पाहिजे तर!"

मालकीणबाई आधी नुसते कागद लावून द्यायच्या. पुढे त्या खिळे जुळवायला शिकल्या आणि शिकल्या त्या अशा, की त्यांचा हात न बघता पेटीच्या खणांत फिरायचा. छापण्याआधी तपासणी असे. त्या मोठ्याने वाचायच्या, अगदी 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' सुद्धा म्हणायच्या, आणि मालक समोरच्या कागदावर बोट फिरवत जायचे. शेवटी मालकीणबाई म्हणायच्या, "संपलं." मालक म्हणायचे, "घाला." या जोडप्याचे भांडणही मी याच चालीवर ऐकले आहे, फक्त त्यात शेवटी 'संपलं' कुणी म्हणायचे यावर पुन्हा भांडण होई.

गावात दुसरा छापखाना नव्हता. त्यामुळे गावात जे काही कागदावर आले ते माझ्यातूनच आले. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, बेकरीच्या पिशव्या, नाटकाच्या जाहिराती, कुत्रे हरवल्याची पत्रके. वाचनालयाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा त्यांचा जाडजूड अंकही माझ्यातूनच निघाला.

आणि निधनाची पत्रके. त्यांची या घरात एक रीत होती. असे पत्रक छापायला कुणी आले, की मालक हातातले काम थांबवायचे. एखादी लग्नपत्रिका अर्धी छापून झालेली असली तरी ती चौकट बाहेर काढायचे. माझी शाईची तबकडी पुसून स्वच्छ करायचे आणि नवी काळी शाई घ्यायचे. खिळे उभ्याने जुळवायचे, बसून नाही. निघालेला कागद वाळेपर्यंत तळहातावर धरायचे, गेलेल्या माणसाच्या नावावर कुणाचे बोट उमटू नये म्हणून. आणि असे पत्रक दुसऱ्यांदा छापायचे नाही, काही झाले तरी नाही. "माणूस एकदाच जातो. कागदही एकदाच निघेल," असे ते म्हणायचे.

मालकांची आणखी एक रीत होती. ती मला तेव्हा फार आवडायची. इतर गावांतले छापखाने प्रत्येक कागदाच्या तळाला बारीक अक्षरांत आपले नाव घालत. आमचे मालक कधीही घालत नसत. मालकीणबाई चिडायच्या.

"सगळे घालतात. आपणच तेवढे बिननावाचे!"

"अगं, लग्नाच्या फोटोत आचाऱ्यानं मधोमध उभं राहायचं असतं का?"

"मधोमध नको, कडेला उभं राहावं. दिसलं तरी पाहिजे ना माणूस!"

"गावाला माहीत आहे की कोण छापतं ते."

खरेच होते ते. गावाला माहीत होते. पत्ता सांगतानाही लोक 'छापखान्याच्या पुढे', 'छापखान्याच्या अलीकडे' असेच सांगत. पण गावाला माहीत असते म्हणजे गावातल्या माणसांना माहीत असते, आणि माणसे जातात. हे तेव्हा ना मालकांच्या लक्षात आले, ना माझ्या.

पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. संगणक आले. कोपऱ्यावर एक दुकान निघाले, तिथे बोट दाबले की रंगीत पत्रिका फोटोसकट बाहेर. आधी लग्ने तिकडे गेली, मग शाळा, मग बेकरी. निधनाची पत्रके काही दिवस माझ्याकडे येत राहिली, मग तीही थांबली. एक दिवस मालकीणबाईंनी माझ्या अंगावर चादर टाकली. मालक माझ्या चाकावर हात ठेवून उभे राहिले आणि मग आत जेवायला गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

मालक म्हातारे झाले. डोळे गेले, मग श्वासाचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी खाट धरली. खाट आतल्या खोलीत, पण दार उघडे असले की चादरीच्या फटीतून मला ती दिसे. मुलगी दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात काम करते. ती रजा काढून आली. बाबांचा वेळ जावा म्हणून ती संध्याकाळी त्यांना काहीबाही वाचून दाखवू लागली.

मित्रांनो, इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहू शकते, आणि चुकीचे वाटले तर कुणीही काढूही शकते. त्यात आमच्या गावाचीही नोंद आहे. एके संध्याकाळी मुलीने ती वाचली. गाव कुठे आहे, नदी, टेकडी, लोकसंख्या, शाळा, वाचनालय, रेल्वे स्थानक. मालक डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि छापखाना?"

मालकीणबाई भाजी चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली. ज्या माणसाने जन्मभर एका कागदावर स्वतःचे नाव घातले नाही, त्याने ते पहिल्यांदा मागितले होते.

मुलीने त्याच वेळी तिथे एक वाक्य घातले आणि वाचून दाखवले. "वाचनालयामागच्या गल्लीत एक प्रसिद्ध छापखाना असून गावातील पुस्तके, पत्रिका व पत्रके अनेक वर्षे तेथेच छापली गेली."

"'प्रसिद्ध' काढ," मालक म्हणाले.

"बाबा, राहू दे ना."

"काढ गं. बाकी बरोबर आहे. पुन्हा एकदा वाच."

तिने पुन्हा वाचले. मग आणखी एकदा. त्या रात्री मालक पोटभर जेवले.

काही दिवसांनी ते वाक्य नाहीसे झाले. शेजारी कारण दिले होते: स्थानिक व्यवसायांची नोंद करू नये, ज्ञानकोश जाहिरातीसाठी नाही. मुलीने वाक्य पुन्हा घातले. ते पुन्हा गेले. बाबांना तिने काही सांगितले नाही. संध्याकाळी ती ते वाक्य आहे असेच धरून वाचत राहिली. वाक्य काढणारे कोण याचा शोध घेतला तर त्या निघाल्या आमच्याच गावच्या ग्रंथपालबाई. गावाच्या नोंदीची देखरेख त्याच करत. मुलीने तावातावाने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बाई स्वतः घरी आल्या.

मालक झोपले आहेत असे समजून दोघी माझ्याजवळ उभ्या राहून हळू आवाजात बोलू लागल्या.

"बाई, तुम्हाला आमचा छापखाना माहीत नाही?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? माझ्या आईचं पत्रक इथंच छापलंय. काका ते हातावर धरून उभे होते, मी विसरेन का?"

"मग काढलंत कशाला?"

बाई खुर्चीत बसल्या. "मागच्या वर्षी त्या नोंदीचा नुसता बाजार झाला होता. केक मिळतील, केस कापून मिळतील, गणिताची शिकवणी, खाली फोन नंबर. दोन शिंपी तर एकमेकांची नावं खोडत बसले होते. नदी शोधायला लागायची त्यात! मी सगळं साफ केलं आणि एकच नियम लावला. आता तुमचं ठेवलं तर उद्या केकवाल्याला काय सांगू?"

"केकवाला काल आलाय, बाई. हा छापखाना माझ्या जन्माआधीपासून आहे."

"हे तू म्हणतेस. मीही म्हणते. पण आपल्याला माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या कुणी कुठे लिहिलंय का तुमच्याबद्दल? छापील असं काही?"

मुलगी आधी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "या गावात दुसरं कोण छापत होतं हो?"

बाईंनी खूप विचार केला. मग म्हणाल्या, "आमच्या वाचनालयाचा अंक आहे. शेवटच्या पानावर तळाला छापखान्याचं नाव असेलच. तेवढं असलं तरी मला काहीतरी पुढे करता येईल. शाळेच्या पुस्तिका आहेत, नाटकाची पत्रकं आहेत. सगळ्यांवर नाव सापडलं, की मी मांडून बघते. हे दुकान नव्हे, गावाचा इतिहास आहे, असं म्हणता येईल."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नका शोधू, बाई. कशावरच नाही."

बाईंना खरे वाटले नाही. त्यांनी वाचनालयात जाऊन कपाटे उपसली. सगळे कागद सापडले, पिवळे पडलेले पण शाई अजून काळीभोर, आणि प्रत्येकाच्या तळाला कोरी जागा. मित्रांनो, तुम्हाला बाईंचा राग आला असेल. मलाही आला होता. पण ज्याचे त्याला द्यावे, बाई चुकत नव्हत्या. नियम सगळ्यांना सारखा लावला तरच तो नियम. माझे दुःख हे, की यात रागवायला कुणी सापडत नव्हते.

मुलीची रजा संपली आणि ती गेली. मालकीणबाईंना फोनवरची बारीक अक्षरे दिसत नसत. मालक रोज विचारायचे, "आज वाचणार नाही कुणी?" त्या काहीतरी सांगून वेळ मारून न्यायच्या. एका संध्याकाळी ग्रंथपालबाई मालकांना भेटायला आल्या. अंक सापडला, नाव मात्र सापडले नाही, हे त्यांनी दारातच मालकीणबाईंना सांगितले. आतून आवाज आला, "बाई आल्यात का? मग जरा गावाची नोंद वाचून दाखवा."

बाई खाटेजवळ बसल्या. त्यांनी फोन काढला आणि वाचायला सुरुवात केली. नदी झाली, टेकडी झाली, लोकसंख्या झाली, शाळा झाली. वाचनालयाचे वाक्य संपले. त्यापुढे रेल्वे स्थानक होते. बाई थांबल्या. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि मालकांच्या तोंडाकडे बघत म्हटले, "वाचनालयामागच्या गल्लीत एक छापखाना असून गावातील पुस्तके, पत्रिका व पत्रके अनेक वर्षे तेथेच छापली गेली."

एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. काढताना आणि मग पुरावा शोधताना त्यांनी ते इतक्यांदा वाचले होते, की पाठ झाले होते.

मालक म्हणाले, "बाई, हे तुम्ही पाठ म्हटलंत."

"नाही हो, काका..."

"आयुष्यभर दुसऱ्याचं वाचणं ऐकत आलोय मी. वाचणारा माणूस तिथं थांबत नाही." त्यांनी चाचपडत बाईंचा हात धरला. "त्या दिवशी मी जागाच होतो. राहू द्या. कानाला बरं वाटलं. आता स्थानकाचं वाचा."

बाईंनी स्थानकाचे वाचले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी चहा होण्याआधी, मालक गेले. मुलगी धावत आली. घर माणसांनी भरले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने निरोप पाठवला, की पत्रक फोटोसकट करून देतो. मालकीणबाई म्हणाल्या, "नको. ह्यांचं पत्रक इथंच निघेल." आणि त्यांनी माझ्या अंगावरची चादर ओढून काढली.

मला किती वर्षांनी लख्ख उजेड दिसला! पण तो असा दिसावा असे मला कधीच वाटले नव्हते. मुलीने मला तेल दिले. शाईच्या डब्यावर साय धरल्यासारखा थर होता, तो फोडला तर खाली शाई ओली होती. माझे रूळ मात्र कडक झाले होते, म्हणून शाई हातरुळाने लावायचे ठरले. ग्रंथपालबाई आल्या, त्यांनी मालकीणबाईंना जवळ घेतले आणि म्हणाल्या, "काकू, आज तळाला छापखान्याचं नाव घाला. मी हे पत्रक वाचनालयात कायमचं जपून ठेवेन. एका कागदावर तरी नाव असू दे. तेवढ्यानं भागेल असं नाही म्हणत मी, पण मला बोलायला काहीतरी होईल."

"हो हो, घालते," मालकीणबाई म्हणाल्या.

गुडघे दुखत असताना त्या उभ्या राहिल्या. माझी तबकडी त्यांनी पुसली. पेटीकडे न बघता त्यांचा हात खणांत फिरू लागला. नवऱ्याचे नाव त्यांनी एकेका खिळ्याने जुळवले. जन्मभर त्यांनी दोघांनी मिळून सगळ्या गावाची नावे जुळवली, पण हे नाव पेटीतून पहिल्यांदाच बाहेर येत होते. तपासायला समोर कुणी नव्हते. त्यांनी एकटीनेच मोठ्याने वाचले, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे म्हटले, आणि शेवटच्या पूर्णविरामानंतर नेहमीसारखे म्हणाल्या, "संपलं."

'घाला' म्हणायला कुणी नव्हते. चौकट माझ्यात बसली आणि त्याच क्षणी मला कळले. तळाला काहीच नव्हते.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला तोंड नाही. मी माझ्या परीने सांगून पाहिले. मुलीने पायटा मारला तेव्हा मी अडलो. तिने पुन्हा मारला, मी पुन्हा अडलो. ती म्हणाली, "आई, तेल कमी पडलंय वाटतं," आणि तिने मला आणखी तेल घातले. मग मला काही करता येईना. खटक्‌-धप्. मुलीचे डोळे वाहत होते, तिला त्या कागदावर बाबांच्या नावाखेरीज काही दिसत नव्हते. मालकीणबाई एकेक पत्रक तळहातावर धरून वाळवत होत्या. ती सगळी पत्रके गावात वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी बाई वाचनालयासाठी एक पत्रक घ्यायला आल्या. त्यांनी ते वरपासून वाचले. खाली आल्या, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा खाली पाहिले. मालकीणबाईंनी ते बघितले आणि तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई! राहिलं की गं माझ्याकडून." त्या मटकन खाली बसल्या. "हातच गेला नाही तिथं. पूर्णविराम आला की हात थांबायचाच. एवढं सांगितलंत, हो म्हटलं, आणि हातच गेला नाही बघा."

"आई, पुन्हा छापू या," मुलगी म्हणाली.

"नाही. ह्यांनी कुणाचं दुसऱ्यांदा नाही काढलं. ह्यांचं मी काढू?"

बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. पत्रक त्यांनी जपून, कडेला धरले होते. त्या म्हणाल्या, "काकू, काका असते तर त्यांनी यात एकही चूक काढली नसती."

मग तिघी रडल्या.

ज्ञानकोशात आजही आमच्या गावाची नोंद आहे. वाचनालय संपले की रेल्वे स्थानक येते. माझ्या अंगावर पुन्हा चादर आली आहे. मालकीणबाई आता मुलीकडे राहायला जाणार आहेत, आणि मग भंगारवाला येईल. मला आत आणायला विटा काढल्या होत्या. बाहेर न्यायला त्या काढाव्या लागणार नाहीत, कारण मला तोडूनच नेतील. माझ्या कुशीवर माझ्या कारखान्याचे नाव आहे, ते वाचून घासाघीस करतील. ज्यांनी मला आयुष्यभर चालवले त्यांचे नाव त्यांना कुठेच दिसणार नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. शाळेत तुम्हाला 'माझे गाव' असा निबंध येतो. तुम्ही नदी लिहिता, टेकडी लिहिता, शाळा लिहिता. ते लिहाच. पण त्याखाली तुमच्या चपला कोण शिवते, तुमचे घड्याळ कोण दुरुस्त करते, तुमच्या आजोबांची पत्रिका कुणी छापली, हेही लिहा. त्यांना विचारून, ते असेपर्यंत लिहा. बाई म्हणतात, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले असावे लागते. ते दुसरे कुणी म्हणजे तुम्हीच आहात.

मालकांचा मजकूर अजून माझ्यात तसाच आवळलेला आहे. चौकट सोडवायला कुणाचा हात धजला नाही. वरून नाव, मग बाकीचे, मग पूर्णविराम. त्याच्या खाली एका ओळीची जागा आहे.